वेग हेच चिलखत, पण किती वर्षे?

नवी युद्धनौका नौदलात दाखल झाल्याची बातमी वाचताना मला अलीकडे एक सवय जडली आहे. बातमीचा पहिला परिच्छेद मी भराभर ओलांडतो. नौकेची लांबी, वजन, वेग, तिच्यावरील क्षेपणास्त्रे, स्वदेशी सामग्रीची टक्केवारी हे सारे त्यात असते आणि ते अभिमानास्पदही असते. मी शोधत असतो तो दुसरा परिच्छेद. या नौकेसाठी दारूगोळा किती साठवला आहे? तिची पहिली मोठी दुरुस्ती कोणत्या वर्षी होणार आणि तिचे पैसे कोणी बाजूला ठेवले आहेत? आज तिचे जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, ते किती वर्षांनी वैशिष्ट्य उरणार नाही? हा दुसरा परिच्छेद बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो.

ही सवय मला लागली ती सुमारे १३० वर्षांपूर्वी पीत समुद्राच्या उत्तर टोकाला जळून गेलेल्या दोन लहानशा नौकांमुळे. चाओयुंग आणि यांगवेई ही त्यांची नावे. चीनच्या चिंग साम्राज्याने त्या इंग्लंडकडून विकत घेतल्या होत्या. नौदलाच्या परिभाषेत त्या ‘विनाकवच क्रूझर’ होत्या, म्हणजे अंगावर पोलादी चिलखत नसलेल्या वेगवान युद्धनौका. त्यांची कहाणी सामान्यतः चीनच्या ऱ्हासाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला ती अर्थसंकल्पाची कहाणी वाटते, आणि म्हणूनच ती आपल्या कामाची आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील नौदले एका पेचात सापडली होती. तोफा जसजशा मोठ्या झाल्या, तसतसे जहाजांच्या अंगावरील लोखंड जाड होत गेले आणि जाड लोखंडाबरोबर किंमतही चढत गेली. चिलखती लढाऊ जहाज हे श्रीमंत राष्ट्रांचे साधन बनले. ज्यांच्या तिजोऱ्या लहान होत्या, त्यांच्यासाठी ब्रिटिश अभियंता जॉर्ज रेंडेल याने एक वेगळा सौदा मांडला. जहाज लहान ठेवा, त्यावर चिलखत चढवू नका, वाचलेले वजन शक्तिशाली इंजिन आणि दोन प्रचंड तोफा यांवर खर्च करा. असे जहाज मोठ्या शत्रूचा मारा सहन करू शकणार नाही, पण त्याला तो सहन करावाच लागणार नाही. ते आपल्याला हवे तेवढे अंतर राखून लढेल आणि नको तेव्हा निघून जाईल. वेग हेच त्याचे चिलखत असेल.

सौदा मूर्खपणाचा नव्हता. चीनच्या सीमाशुल्क खात्याचे ब्रिटिश प्रमुख रॉबर्ट हार्ट यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि उत्तर चीनचे प्रबळ प्रशासक ली होंगझांग यांनी तो स्वीकारला. टाइन नदीकाठी, न्यूकॅसलजवळच्या गोदीत या नौका बांधल्या गेल्या. प्रत्येकीचे वजन सुमारे १,३५० टन, सांगाडा पोलादाचा, पुढे एक आणि मागे एक अशा २५४ मिलिमीटर व्यासाच्या दोन तोफा, वेग सुमारे १६ नॉट. १८८१ साली एवढ्या लहान जहाजावर एवढ्या मोठ्या तोफा ही नवलाची गोष्ट होती. त्या ताब्यात घेण्यासाठी दोनशेहून अधिक चिनी खलाशी न्यूकॅसलला गेले. चिनी झेंडा लावून, प्रामुख्याने चिनी हातांनी युरोपातून मायदेशी आणलेल्या या पहिल्या आधुनिक युद्धनौका होत. न्यूकॅसलमधील एल्स्विकच्या दफनभूमीत त्या काळी तेथे आलेल्या काही चिनी नाविकांच्या कबरी आजही आहेत. घरापासून इतक्या दूर राहून नवे यंत्र शिकणाऱ्या त्या माणसांचा उत्साह खोटा म्हणता येणार नाही.

येथपर्यंतची गोष्ट कोणत्याही विकसनशील देशाच्या संरक्षण मंत्रालयाने अभिमानाने सांगावी अशी आहे. मर्यादित पैसा, योग्य तंत्रज्ञान, स्वतःची प्रशिक्षित माणसे. पण या सौद्यात एक अट न लिहिताच दडलेली होती. जाड चिलखत जुने झाले तरी जाडच राहते. वेगाचे तसे नसते. बॉयलर थकतात, तळाला शेवाळ आणि शंख चिकटतात, आणि मुख्य म्हणजे शत्रूची नवी जहाजे अधिक वेगाने धावू लागतात. ज्याने चिलखताऐवजी वेग विकत घेतला, त्याने स्वस्त जहाज घेतले असे म्हणता येत नाही. त्याने पुढील खर्च हप्त्यांवर नेला, एवढेच. हप्ते थांबले की संरक्षणही थांबते.

चीनमध्ये हप्ते थांबले. ली होंगझांग यांनी उभारलेल्या बेइयांग नौदलाची रीतसर स्थापना १८८८ मध्ये झाली. जर्मनीत बांधलेली डिंगयुआन आणि झेनयुआन ही दोन विशाल चिलखती जहाजे त्यात होती आणि त्यांची पूर्व आशियात धास्ती होती. पण त्यानंतर या नौदलासाठी परदेशातून एकही मोठी नौका आली नाही. १८९१ मध्ये महसूल मंडळाने परदेशी तोफा आणि जहाजे यांची खरेदी दोन वर्षांसाठी स्थगित केली. दुष्काळ, पूर आणि रिकामी तिजोरी ही कारणे खरी होती. त्याच वर्षांत नौदलाच्या नावाने जमा होणाऱ्या पैशांतील काही भाग राजमाता सिशी यांच्या ग्रीष्मकालीन प्रासादाच्या नूतनीकरणाकडे वळला. नेमका किती, यावर इतिहासकारांमध्ये अजून वाद आहे. त्या प्रासादाच्या तळ्याकाठी संगमरवरी चौथऱ्यावर उभी असलेली एक नौका आहे. १८९३ मध्ये तिची डागडुजी झाली तेव्हा तिला वाफेच्या जहाजासारखी दोन चाके बसवण्यात आली. वरचा मजला लाकडाचा, संगमरवरासारखा रंगवलेला. पर्यटक तिच्याकडे पाहून हसतात. मला मात्र एका दरबारी खलित्यापेक्षा त्या वर्षांची नाविक नीती ती नौका अधिक स्पष्टपणे सांगते असे वाटते.

समुद्रापलीकडे जपानचीही तिजोरी भरलेली नव्हती. तेथे नव्याने निवडून आलेल्या प्रतिनिधिगृहाने नौदलाच्या वाढीव मागण्यांना कात्री लावली, नौदलाच्या कारभारात सुधारणा करा असे बजावले, आणि सरकारशी उघड संघर्ष केला. तोडगा निघाला तो १८९३ मध्ये. सम्राटाने सहा वर्षे दरसाल तीन लाख येन आपल्या राजघराण्याच्या खर्चातून देण्याचे जाहीर केले आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या पगारातून दहावा हिस्सा जहाजबांधणीसाठी कापला जाऊ लागला. जपानचे पुढील आक्रमक राजकारण आशियाला किती महागात पडले हे आपण जाणतोच. ते आदर्श म्हणून मी सांगत नाही. पण दोन राजवटींनी एकाच प्रश्नाला दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एका ठिकाणी प्रश्न विचारले गेले आणि त्यातून पैसा व सुधारणा दोन्ही आल्या. दुसऱ्या ठिकाणी प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती.

१७ सप्टेंबर १८९४ रोजी यालू नदीच्या मुखाजवळ दोन्ही नौदले समोरासमोर आली. चिनी सेनापती डिंग रुचांग यांनी दहा जहाजे आडव्या ओळीत लावली. दोन चिलखती जहाजे मध्यभागी होती. उजव्या टोकाला होत्या चाओयुंग आणि यांगवेई, ताफ्यातील सर्वांत जुन्या, सर्वांत मंद, आणि अंगावर कोणतेही कवच नसलेल्या. एकेकाळी ज्यांची ओळख वेग ही होती, त्या आता ओळीतील आपली जागासुद्धा राखू शकत नव्हत्या. जपानच्या वेगवान तुकडीचे नेतृत्व करणारी योशिनो २३ नॉट वेगाने धावू शकत होती आणि तिच्यावर झटपट मारा करणाऱ्या नव्या तोफा होत्या. तीही इंग्लंडमधील त्याच टाइन नदीकाठी बांधलेली होती. त्या तुकडीने चिनी ओळीचे मध्यभाग सोडून उजवे टोक गाठले.

त्यानंतर जे घडले ते थोडक्यात सांगतो. या दोन्ही क्रूझरांच्या मध्यभागी अधिकाऱ्यांच्या खोल्या होत्या, त्यांचे दुभाजक लाकडी होते आणि वर्षानुवर्षे चढवलेल्या वॉर्निशाचे थर त्यांवर साचले होते. गोळे आत शिरताच आग लागली. पुढची तोफ आणि मागची तोफ यांच्यामध्ये ज्वाळांची भिंत उभी राहिली. चाओयुंग बुडाली. यांगवेई जळत किनाऱ्याकडे सरकली, उथळ पाण्यात रुतली आणि दुसऱ्या दिवशी जपानी नौदलाने ती पूर्णपणे नष्ट केली. दोन्ही नौकांचे कप्तान, हुआंग जिआनशुन आणि लिन ल्यूझोंग, परतले नाहीत. चीनने या लढाईत पाच जहाजे गमावली. जपानने एकही नाही.

कोणी म्हणेल, मग चिलखतच घ्यायला हवे होते. लढाईने या मताला अर्धाच दुजोरा दिला. डिंगयुआन आणि झेनयुआन यांच्यावर शेकडो गोळे आदळले, तरी त्यांचे मुख्य चिलखत भेदले गेले नाही आणि दोन्ही जहाजे तरंगत राहिली. पण त्यांच्या अजस्र तोफांसाठी स्फोटक गोळे पुरेसे नव्हते, हे त्या जहाजांवर काम करणाऱ्या परदेशी अधिकाऱ्यांनी नंतर लिहून ठेवले. त्यांच्या एका मोठ्या गोळ्याने जपानच्या ध्वजनौकेवर, मात्सुशिमावर, शंभराच्या आसपास माणसे मृत वा जखमी झाली. असे आणखी किती गोळे हवे होते, याचा हिशेब लढाईच्या दिवशी मांडून काय उपयोग? जगातील उत्तम तोफ पोटात गोळा नसेल तर लोखंडाचा नळ असते. चिलखत घेतलेल्या जहाजालाही शेवटी त्याच दुर्लक्षाने गाठले, ज्याने चिलखत नसलेल्यांना गाठले होते.

या कहाणीत एक तिसरी बहीणही आहे. याच आराखड्याची एक नौका चिली देशासाठी बांधली गेली होती. चिलीला ती नकोशी झाली आणि १८८३ मध्ये जपानने ती विकत घेऊन तिचे नाव त्सुकुशी ठेवले. १८९४ मध्ये तीही तितकीच जुनी, तितकीच उघडी होती. पण जपानी नौदलाने तिला यालूच्या ओळीत उभे केले नाही. तिला गस्तीची आणि किनाऱ्यावरील माऱ्याची कामे दिली गेली, आणि १९०६ मध्ये ती सेवेतून निवृत्त झाली. जपान सर्वज्ञ होते असे नाही. हिएई आणि आकागी या आपल्या दुर्बळ नौका त्यांनीही यालूला नेल्या आणि त्या थोडक्यात वाचल्या. तरीही त्सुकुशीचे उदाहरण बोलके आहे. यंत्र तेच, गोदी तीच, वय तेच. फरक एवढाच की एका देशाने नव्या नौका घेऊन जुनीला बाजूला होण्याची मोकळीक दिली. दुसऱ्याकडे जुनीच्या जागी उभे करायला काही नव्हते.

आता आपल्याकडे वळतो. भारत म्हणजे चिंग साम्राज्य नव्हे, ही गोष्ट वेगळी सांगायला नको. आपली संसद आहे, महालेखापरीक्षक आहेत, स्वतःच्या गोद्या आहेत. विक्रांतसारखी विमानवाहू नौका आपण कोचीत बांधली आणि २०२२ मध्ये नौदलात दाखल केली. पण दुसऱ्या परिच्छेदाची उणीव आपल्यालाही भासते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली कलवरी पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये सेवेत आली, तेव्हा तिच्यासाठी निवडलेल्या नव्या जड पाणतीरांचा सौदा आधीच रद्द झालेला होता. जुन्या पाणतीरांवर वेळ निभावून न्यावी लागली, आणि स्वदेशी जड पाणतीर या पाणबुड्यांवर बसवण्याचा ८७७ कोटी रुपयांचा करार झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. पाण्याखालचे सुरुंग काढणारी आपली शेवटची नौका २०१९ मध्ये निवृत्त झाली. तिची जागा घेणाऱ्या नौकांना संरक्षण खरेदी परिषदेची प्राथमिक मंजुरी मिळायला २०२५ उजाडले. भूदलाच्या दारूगोळ्याच्या प्रकारांपैकी ४० टक्के प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणार नाहीत, असे महालेखापरीक्षकांचा २०१७ मधील अहवाल सांगत होता. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार देण्यात आले, हेही नोंदवले पाहिजे. आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सिंधुरत्न पाणबुडीवर आग लागून दोन अधिकारी मृत्युमुखी पडले, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्या आगीनंतर आपण जबाबदार माणसाबद्दल पुष्कळ बोललो; जुन्या बॅटऱ्या आणि त्या बदलण्याच्या विलंबाबद्दल त्यामानाने कमी.

यांतील प्रत्येक घटनेची कारणे वेगळी आहेत आणि एका सूत्रात सर्वांना ओवणे अन्यायाचे होईल. तरी एक गोष्ट समान दिसते. सांगाडा घेताना आपण जितके उत्साही असतो, तितके त्याच्या पोटातील गोष्टींबाबत नसतो. याचे कारण राजकीय आहे. जलावतरणाला नारळ फुटतो, छायाचित्र निघते. सुट्या भागांच्या गोदामाचे उद्घाटन कोणी करत नाही. अर्थसंकल्पातही सांगाडा भांडवली खर्चात मोडतो, देखभाल महसुली खर्चात. आणि महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी अशी एक सोपी समजूत आपल्या आर्थिक चर्चेत रुजली आहे. त्यामुळे कात्री लागायची वेळ आली की ती आधी वंगण, बॅटऱ्या आणि गोळे यांना लागते.

हा मुद्दा आज अधिक तातडीचा आहे, कारण रेंडेलचा सौदा पुन्हा बाजारात आला आहे. युक्रेनने जवळपास नौदल नसताना, क्षेपणास्त्रे आणि स्फोटके भरलेल्या लहान चालकविरहित बोटी यांच्या बळावर रशियाच्या काळ्या समुद्रातील ताफ्याला मागे रेटले. त्यावरून आपल्याकडेही युक्तिवाद होतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे, की महागडी जहाजे आणि विमाने घेण्यापेक्षा स्वस्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रे मोठ्या संख्येने घ्यावीत. माझा त्याला विरोध नाही. गरिबी अजून पुरती न हटलेल्या देशाने शाळा आणि दवाखान्यांचा विचार करताना स्वस्त शस्त्राकडे वळणे योग्यच आहे. पण हा युक्तिवाद करणारे ज्याला बचत म्हणतात, ती बचत नाही. ड्रोनचे चिलखत त्याच्या नवेपणात असते. शत्रूने त्याची संदेशलहर अडवायला शिकले की ते गेले. युक्रेनला आपली ही साधने लढाई चालू असतानाच पुन्हा पुन्हा बदलावी लागली. हजार ड्रोन घेऊन गोदामात ठेवणारा देश दहा वर्षांनी हजार चाओयुंगांचा मालक असेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या संरक्षण खरेदीबरोबर तिचा ‘दुसरा परिच्छेद’ संसदेच्या स्थायी समितीसमोर ठेवला जावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात: या साधनाचा पहिला दारूगोळा आणि सुटे भाग कोणत्या तारखेला हाती येतील, संपूर्ण आयुष्यात त्याच्या देखभालीवर किती खर्च होईल, आणि आघाडीच्या कामातून ते कोणत्या वर्षी मागे घेतले जाईल. गोपनीय आकडे बंद दाराआड सांगता येतात. त्यासाठी समित्या आहेत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी संरक्षण व अंतर्गत सुरक्षेच्या आधुनिकीकरणाचा, वर्षअखेरीस परत न जाणारा स्वतंत्र निधी सुचवला होता. केंद्राने ती कल्पना तत्त्वतः मान्य केली होती. हप्त्यांवर घेतलेल्या संरक्षणाला अशाच निधीची गरज असते, कारण शत्रूची जहाजे आपल्या आर्थिक वर्षाचे पंचांग पाहून वेगवान होत नाहीत.

यावर एक आक्षेप येतो तो मी गांभीर्याने घेतो. देखभालीवर इतका भर दिला तर नवे काही घेताच येणार नाही. कमी जहाजे उरतील, आणि समुद्र मोठा आहे. हे खरे आहे. कमी जहाजे उरतील. पण चिनी ताफ्यातही यालूच्या सकाळी दहा जहाजे ओळीत मोजता येत होती. संध्याकाळी किती लढू शकली, हा वेगळा आकडा होता. आपल्याला दोन्ही आकडे सकाळीच माहीत असावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

फेब्रुवारी १८९५ मध्ये वेइहाइवेइच्या बंदरात उरलेल्या बेइयांग नौदलाने शरणागती पत्करली. डिंग रुचांग यांनी त्याआधी आत्महत्या केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिमोनोसेकीच्या तहाने तैवान गेले आणि २० कोटी ताएल चांदीची खंडणी चीनवर लादली गेली. १८९१ मध्ये तोफा व जहाजांची खरेदी थांबवून महसूल मंडळाने जे वाचवले असेल, त्याच्या कितीतरी पट ही रक्कम होती. ज्या कारकुनाने स्थगितीचा तो मसुदा लिहिला, त्याचे अक्षर बहुधा सुंदर असेल आणि बेरीज अचूक. चाओयुंगच्या खलाशांनी मात्र आपल्या जहाजाचा वेग दरवर्षी थोडा थोडा उतरताना पायाखाली अनुभवला असणार. ते सांगायला त्यांच्याकडे संसद नव्हती. आपल्या खलाशांकडे आहे. पुढच्या जलावतरणाच्या वेळी तिने दुसरा परिच्छेद मागावा.